यादी वाढली म्हणजे जंगल सुधारलं का?

बेलापूरच्या एका टेकडीच्या उतारावर तीनेक एकर जागा. एक गट तिथे सात वर्षं झाडं लावतोय, उन्हाळ्यात टँकरने पाणी घालतोय, ऑक्टोबरात गवत कापून वणव्यापासून जागा राखतोय. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) आधीपासून माजलेलं होतं, ते दर वर्षी थोडं थोडं तोडतात. फोटो काढून ॲपवर टाकतात आणि त्यावरून वनस्पतींची यादी करतात. यादी चाळीसवरून एकशे दहावर गेली आहे. त्या गटातल्या एकाने विचारलंय, "जंगल खरंच बदलतंय, की आम्हालाच आता जास्त झाडं ओळखता येतात? आणि बदल मोजायचा तर नेमकं काय करायचं?"

शंका रास्त आहे. बहुतेक दुसरीच गोष्ट खरी असणार.

मी ठाण्यात बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. येऊरच्या पायथ्याशी एका संस्थेची दोन हेक्टर राखीव झाडी आहे, तिथल्या नोंदी २००४ पासून ठेवतेय. खाली जे लिहितेय त्यातलं बरंचसं आधी चुकून मग शिकलेलं आहे. तुमची टेकडी मी पाहिलेली नाही. माती किती खोल, ओढा आहे का, गुरं येतात का, जागा सिडकोची की वनखात्याची, यावर तपशील बदलतील. मोजणीसाठी जमिनीवर ठरलेले चौरस, म्हणजे चौकटी, आखण्याआधी जागामालकाची लेखी परवानगी मात्र घ्याच. वनखात्याची जमीन असेल तर नुसता खुंटा ठोकायलाही विचारावं लागतं.

आधी यादीचं बघू. पहिल्या वर्षी तुमच्या गटाला सगळी गवतं 'गवत' होती. आता त्यातली आठ-दहा नावानिशी माहीत आहेत. म्हणजे यादी वाढली, गवतं तितकीच राहिली. शिवाय तुम्ही लावलेली झाडंही त्याच यादीत बसली असणार. तुम्ही बहावा आणून लावला आणि यादीत बहावा आला, यात टेकडीने काय केलं? सगळ्यात मोठी अडचण म्हणजे यादीतून कुणी गेलेलं कळत नाही. तेरडा एकदा दिसला की तो यादीत कायमचा. पुढे तो पन्नास ठिकाणांवरून दोन ठिकाणांवर आला तरी यादी तीच सांगणार: तेरडा आहे.

मग विचारायचं काय? माझ्या मते राखलेल्या झाडीला विचारण्यासारखे प्रश्न तीन. लावलेलं जगतंय का, आपणहून काय येतंय आणि कोण मागे हटतंय. पहिल्याचं उत्तर तुमच्याकडे असेलच, रोपं मोजून सगळेच ठेवतात. तिसऱ्याला दहा-पंधरा वर्षं लागतात. मधल्या प्रश्नावर जोर द्या, कारण आजची मोठी झाडं तुम्हाला फक्त भूतकाळ सांगतात. वीस वर्षांनी तिथे कोण उभं असेल ते आत्ता तुमच्या गुडघ्याच्या खाली आहे, आणि फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे वाकतात.

त्यासाठी कायमच्या चौकटी हव्यात. तीन एकरांसाठी झाडांच्या चार चौकटी, १० बाय १० मीटरच्या. त्या प्रत्येकीत झुडपांसाठी एक ५ बाय ५ ची, आणि जमिनीलगतच्या गोष्टींसाठी १ बाय १ च्या तीन. म्हणजे छोट्या बारा झाल्या. यापेक्षा जास्त आखाल तर तिसऱ्या वर्षी कंटाळून सोडाल, हे पैजेवर सांगते. चारही एकाच भागात नकोत. माथा, मधला उतार, ओहोळाची कड आणि तुमची जुनी लागवड, असं वाटून घ्या. नेमकी जागा डोळ्याने निवडू नका. डोळा आपसूक छान दिसणाऱ्या जागेवर जातो. नकाशावर रेघा मारून घरांना नंबर द्या आणि चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीत कातळ आला तर कातळ.

कोपऱ्यांच्या खुणांवर मी जितका वेळ घालवलाय तितका वनस्पतींवरही नसेल. पहिल्यांदा लोखंडी सळया ठोकल्या. दिवाळीच्या आत भंगारात गेल्या. मग पीव्हीसी पाइप लावले, ते पुढच्या मार्चच्या आगीत वितळून मेणबत्तीसारखे वाकले. आता एका कोपऱ्यावर मोठा दगड अर्धा गाडून रंगवतो, बाकीच्या कोपऱ्यांवर सळईचा वीतभर तुकडा जमिनीच्या पातळीत ठोकतो आणि तो दगडापासून किती मीटरवर, कोणत्या दिशेला आहे ते वहीत लिहितो. जीपीएसवर विसंबू नका. मोबाइलचं जीपीएस झाडीखाली पाच-दहा मीटर सहज चुकतं, आणि एक मीटरच्या चौकटीला तेवढं म्हणजे दुसरं गाव झालं.

खुणा फार ठळकही नकोत. आमच्याकडे एक वर्ष लाल रिबिनी बांधल्या होत्या. स्वयंसेवकांना वाटलं इथली रोपं महत्त्वाची, म्हणून टँकरचं पाणी आधी तिथे जायला लागलं! त्या वर्षीच्या आकड्यांत चौकटींमध्ये जंगल फारच सुधारलं होतं.

छोट्या चौकटीसाठी अर्ध्या इंची पाइपचे एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो घ्या. एल्बो चिकटवू नका, म्हणजे झुडपात अडकलं की सोडवता येतं. वर्षातून दोन फेऱ्या, दर वर्षी त्याच आठवड्यात. पहिली जुलैच्या सुरुवातीला, दुसरी सप्टेंबरच्या अखेरीला. आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत, त्यामुळे जमिनीवरचा पडदा दर पंधरवड्याला बदलतो. शेवळा मेअखेर-जूनमध्ये फुलोरा वर काढतो (तेव्हाच तो काकडांसोबत ठाण्याच्या बाजारात येतो आणि घशाला खाज सुटेल या भीतीने अर्धे लोक घेत नाहीत), त्याचं पान नंतर येतं. फोडशी, रानहळद, बियांची रोपं जुलैत दिसतात. गवतं, कवळा, कुर्डू सप्टेंबरात फुलावर असतात, आणि फुलाशिवाय गवत ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. एक वर्ष ऑगस्टात आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात गेलात तर तुम्ही बदल नाही, पंचांग मोजलंत.

प्रत्येक जातीने चौकटीची किती जमीन झाकली आहे ते अंदाजाने लिहायचं. एक मीटरच्या चौकटीत १० बाय १० सेंटिमीटर, म्हणजे साधारण तळहाताएवढी जागा म्हणजे एक टक्का. हात धरून बघा, अंदाज लवकर बसतो. '३७ टक्के' असलं काही लिहू नका, तेवढं कुणाला दिसत नाही. पाचच्या आत, पाच ते पंचवीस, पंचवीस ते पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर, त्याच्या वर, एवढे गट पुरतात. झाकलेल्या जागेचे हे गट जगभर वापरतात, ब्राऊन-ब्लांके पद्धतीतले आहेत. दोघांनी एकमेकांना न सांगता लिहावं आणि मग ताडून पाहावं. पहिल्या वर्षी आमच्या दोन विद्यार्थ्यांचे अंदाज एकाच चौकटीत दोन गटांनी वेगळे आले होते. तो फरक ठाऊक नसता तर पुढच्या वर्षी तोच 'बदल' म्हणून आम्ही छापला असता.

आता झाडांच्या पिलांचं. इथे मी चांगलीच तोंडावर आपटले आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

सुरुवातीची तीन वर्षं मी दर जुलैत ऐनाची रोपं मोजायचे. प्रत्येक चौकटीत वीतभर उंचीची, कोवळ्या तांबूस पानांची रोपं हमखास मिळायची. मी लिहायचे, 'ऐन: नवीन रोपे'. तिन्ही वर्षांची बेरीज करून एका बैठकीत सांगूनही टाकलं की आपल्याकडे ऐनाचं पुनरुज्जीवन जोरात चालू आहे. नंतर एका जुलैत आमच्यासोबत पाड्यावरचे एक वारली काका आले होते. मी चौकटीत वाकून मोजतेय आणि ते वर उभे राहून हसतायत. म्हणाले, "बाई, ह्या नवा नाय. जुनाच हाय. खाली बघा."

खाली माती बोटाने बाजूला केली. वीतभर कोंबाच्या बुडाशी अंगठ्यापेक्षा जाड गड्डा होता, त्यावर मागच्या वर्षांच्या तीन-चार वाळक्या काड्यांचे थोटूक. ऐन, साग आणि आपल्या पानझडीतली इतरही बरीच झाडं लहानपणी असंच करतात. उन्हाळ्यात किंवा आगीत वरचा कोंब मरतो, मूळ जिवंत राहतं, पावसात नवा कोंब फुटतो. मुळात पुरेसा साठा झाला आणि एखाद्या वर्षी आग-विळा-गुरं यांतून कोंब वाचला की तो मग झपाट्याने वर जातो. म्हणजे ती वीतभर 'नवीन' रोपं कदाचित दहा वर्षांची होती, आणि मी त्याच त्याच रोपांना तीन वर्षं नव्याने जन्माला घालत होते.

तेव्हापासून प्रत्येक रोपाच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा नंबर लावलेला छोटा खिळा जमिनीत दाबतो. पुढच्या जुलैत कोंब त्याच खिळ्याशी आला तर तो जुना. खरोखर बीपासून आलेलं रोप वेगळं दिसतं. खोड काडीसारखं एकसारखं, बुडाशी जाडी नाही, आणि लवकर गेलात तर बीजपत्रं अजून लागलेली असतात. त्यासाठीच जुलैच्या सुरुवातीची फेरी.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते इथेच: 'ऑक्टोबरात गवत कापतो'. कोण कापतं, किती उंचीवर, विळ्याने की ब्रशकटरने? जाळरेषेपुरतं, म्हणजे आग अडवायच्या मोकळ्या पट्ट्यापुरतं कापता, की सगळा उतार? वणव्याच्या भीतीने सगळं गवत जमिनीसरशी उतरवलं तर गवतासोबत ऐन, किंजळ, आसाणा, कुंभा यांचे त्या वर्षीचे कोंबही जातात, नेमके जेव्हा ते मुळाला अन्न पोचवत असतात. मूळ मरत नाही, दर वर्षी फुटत राहतं, आणि तुम्हाला दर वर्षी 'रोपं आहेत' असं दिसत राहतं. पण कमरेच्या वर एकही जात नाही. माझा तर्क आहे की तुमच्या टेकडीवर मोठी झाडं आहेत, वीतभर रोपं आहेत आणि मधली उंची रिकामी आहे. चौकटीत रोपांची उंची गटांनी लिहा: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, डोक्यापर्यंत, त्यावर. दोन वर्षांत माझा तर्क बरोबर की चूक ते कळेल. बरोबर निघाला तर कापणी जाळरेषेपुरती ठेवा आणि आतल्या भागात रोपांभोवतीचं गवत हाताने उपटा. मजुरी वाढेल, हे खरं आहे.

यावरून पुढचा मुद्दा. राखलेल्या झाडीत माणूस हाच सगळ्यात मोठा बदल घडवणारा, आणि त्याचीच नोंद सहसा नसते. एक साधी वही ठेवा: कापणी कधी झाली, किती गिरिपुष्प कुठून तोडलं, कुठे पाणी थांबवलं, आग कोणत्या तारखेला कुठवर आली, गुरं कधी शिरली. आमच्याकडे २००९ च्या सुमारास एका चौकटीत रानमोडी अचानक वाढली. कारण शोधायला चार वर्षं लागली. शेजारची पायवाट त्या वर्षी रुंद केली होती आणि उजेड आत आला होता. कुणी कुठेच लिहिलं नव्हतं.

आणि एखादी चौकट अशी ठेवा जिथे तुम्ही काहीच करणार नाही. लावणार नाही, कापणार नाही, तोडणार नाही. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८८२ साली गव्हाच्या शेताचा एक तुकडा न कापता सोडून दिला. पुढे त्यातला एक भाग तसाच राहू दिला, त्याचं वन झालं. शेजारच्या भागातली झाडोऱ्याची रोपं मात्र उपटत राहिले, तिथे आजही बुटक्या वनस्पतीच आहेत. एकच शेत, एकच माती, दोन वेगळ्या वागणुकी. शेजारी न छेडलेला तुकडा असल्याशिवाय 'हे आमच्या मेहनतीने झालं' असं म्हणता येत नाही. कदाचित ते तुम्ही घरी बसूनही झालं असतं. गटाला हे ऐकायला आवडणार नाही, आमच्याही नव्हतं आवडलं.

गिरिपुष्पाबद्दल. ते तोडल्यावर पहिली दोन वर्षं चौकट बघून रडू येईल. उजेड एकदम आत येतो, शेंगवर्गातल्या झाडाची पानं कुजून माती खतावलेली असते, त्यावर टाकळा, रानतुळस, रानमोडी तुटून पडतात, आणि बुंध्यातून गिरिपुष्प पुन्हा झाडूसारखं फुटतं. आकड्यांत हे 'बिघडलं' असंच दिसेल. आमच्याकडे फुटवे दर पावसाळ्यात मोडत राहिलो तिथे चौथ्या-पाचव्या वर्षी चांदाडा, उंबर, भोकर आपणहून आले. पक्ष्यांनीच टाकले असणार, शेजारी मोठी झाडं होती. तुमच्या टेकडीच्या आसपास अशी बी पुरवणारी झाडं नसतील तर इतकं लवकर होणार नाही. सगळं गिरिपुष्प एकदम काढू नका. पट्ट्यापट्ट्याने काढा आणि प्रत्येक पट्ट्याचं वर्ष लिहून ठेवा, म्हणजे एकाच पावसाळ्यात तुम्हाला एक, दोन, तीन वर्षांपूर्वी तोडलेली जागा शेजारी शेजारी बघता येईल.

काही बदल कुणाच्याच हातातले नसतात. कारवी हे झुडूप घ्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, येऊरच्या बाजूलाही, ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. फुलली की मरते, सुकलेली बोंडं फुटून बी पडतं आणि पुढच्या पावसात जमिनीवर रोपांचा गालिचा. दाट कारवीखाली फारसं काही वाढत नाही, ती मेल्यावर दोन-तीन पावसाळे जमिनीला ऊन मिळतं, बाकीच्या वनस्पती उसळतात, मग नवी कारवी उंच होऊन पुन्हा सावली धरते. आमच्या वरच्या चौकटीत २०१७-१८ ला जातींची संख्या फुगली आणि २०२२ पर्यंत उतरली. हे चक्र माहीत नसतं तर मी सहा वर्षांचा आलेख काढून जैवविविधता घटतेय म्हणून ओरड केली असती. तुमच्या टेकडीवर कारवी असेल तर पाच वर्षांच्या आकड्यांवरून काही ठरवू नका. तशीच सागाची जाळी. काही वर्षी अळ्या पानांच्या फक्त शिरा ठेवतात, आख्खी टेकडी करपलेली दिसते आणि लोक फोन करतात की साग मेला. मरत नाही. वहीत लिहा आणि पुढे चला.

खोडांची मापं वर्षातून एकदा पुरेत, फेब्रुवारीत. ओल्या सालीने पावसाळ्यात माप फुगतं, म्हणून महिना बदलू नये. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा, हीच आपल्याकडच्या वनखात्याची रीत, आणि त्या जागी रंगाचा पट्टा मारायचा. खिळे ठोकू नका. आम्ही नंबर तारेने बांधले होते, घट्ट. तीन वर्षांनी तार सालीत रुतली आणि दोन कोवळे कुंभे वरून वाळले. तो दोष सर्वस्वी माझा. आता सैल, वाढीला जागा ठेवून बांधतो आणि दर वर्षी तपासतो.

फोटो जरूर काढा, पण ठरलेल्या दगडावरून, पाच फुटी काठी टेकवून, झूम न करता, त्याच दिशेने. मागच्या वर्षीचा फोटो छापून सोबत न्या आणि समोरच्या ओळखीच्या खडकाशी जुळवा. एक फोटो समोरचा, एक सरळ वरचा, एक सरळ खालचा. बाकी ॲप वाईट नाही, नाव सुचवायला उपयोगी आहे. फक्त खात्री नसेल तिथे 'अनोळखी गवत ३' असं लिहा आणि तेच नाव पुढेही चालवा. नंतर ओळख पटली की मागची सगळी पानं एकदम दुरुस्त होतात. चुकीचं नाव लिहिलंत तर ती चूक कुठे कुठे शिरली ते शोधता येत नाही. शास्त्रीय नावंही बदलत राहतात. माझ्या वहीत ऐनाला दोन वेगवेगळी नावं आहेत, म्हणून मराठी नाव शेजारी असलेलं बरं.

मूळची पेपरची वही फेकू नका. माझ्या पहिल्या पाच वर्षांच्या फाइल एका बंद पडलेल्या हार्ड डिस्कसोबत गेल्या, वह्या होत्या म्हणून वाचले.

या पावसाळ्यापुरतं एकच करा. एक चौकट आखा, चिठ्ठी टाकून. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिथे गुडघे टेकून बसा, वीतभर रोपांच्या बुडाशी माती बोटाने हलकेच सरकवा, गड्डा आहे का बघा, माती परत लोटा. किती जुनी, किती नवी ते इथे येऊन सांगा. गवत कोण आणि कसं कापतं तेही सांगा, बाकीची मांडणी त्यावरून ठरवू.